सर्वांनी एकत्र बसण्याआधी

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे किशोरवयीन मुलांविषयीची पत्रे नेहमीप्रमाणे पुष्कळ आली. त्यांतील बरीच पत्रे अभ्यास किंवा मोबाइल यांपासून सुरू होत होती आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात घरातल्या मारहाणीपाशी येऊन थांबत होती. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझे वय ४१. यजमान नोकरीत चांगल्या पदावर आहेत आणि बाहेर त्यांच्याविषयी कोणी वावगे बोलणार नाही. घरात मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मारहाण होती. गेल्या वर्षी माझे मनगट मोडले, तेव्हा माझे भाऊ आणि मोठे दीर यांनी बैठक घेतली. “तू हात आवर, आणि तूही उलट बोलत जाऊ नकोस,” असे आम्हा दोघांना सांगून प्रकरण मिटवले. त्यानंतर त्यांनी हात उचललेला नाही, पण ताट भिरकावणे, माझा मोबाइल तपासणे, घरखर्चाला पैसे न देणे हे चालूच आहे. माझा मुलगा दहावीत आहे. महिन्यापूर्वी मी त्याला “मोबाइल ठेव” म्हणाले तर त्याने मला जोरात ढकलले आणि म्हणाला, “बाबांचं निमूट सोसतेस, मला शिकवू नकोस.” शाळेतल्या समुपदेशक बाईंनी फॅमिली थेरपी सुचवली आहे. यजमान लगेच तयार झाले. “सगळेच जाऊ, सगळ्यांचंच चुकतं,” असे म्हणतात. जावे का?

उत्तर : ताई, मुलाला उपचाराची गरज आहे आणि तुम्हालाही आहे, परंतु तिघांनी मिळून एका खोलीत बसण्याची वेळ अजून आलेली नाही. यजमान आपण होऊन तयार झाले असताना ही संधी का दवडायची, असे तुम्हाला वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगते.

कुटुंबोपचाराची, म्हणजे फॅमिली थेरपीची, मूळ कल्पना अशी आहे की, घरातील एका माणसाचे वागणे इतरांपासून सुटे काढून पाहिले तर ते नीट कळत नाही. मूल शाळा बुडवते तेव्हा ते एकटे ‘बिघडलेले’ नसते. आईवडिलांमधील ताण त्याच्या अंगावर उतरलेला असतो, आणि त्याच्या बिघडण्यामुळे आईवडिलांना आपसांतील भांडण बाजूला ठेवायला निमित्तही मिळत असते. साल्वादोर मिनुचिन यांच्यासारख्या उपचारकांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत ही दृष्टी रुजवली, आणि हट्टी मूल, तापट बाप, सारखी मध्ये पडणारी आजी अशा घरांत ती आजही उपयोगी पडते. मात्र जेथे एक माणूस मारतो आणि दुसरा मार खातो, तेथे ‘यात सगळ्यांचाच थोडाथोडा वाटा’ हे सूत्र लावले की मारणाऱ्याची जबाबदारी तिघांत वाटली जाते. व्हर्जिनिया गोल्डनर यांच्यासारख्या स्त्रीवादी उपचारकांनी १९८० च्या दशकात याच मुद्द्यावर आपल्याच क्षेत्राला धारेवर धरले होते. आपल्याकडे हे समजायला ग्रंथ वाचावे लागत नाहीत, तुमच्या घरी झालेली बैठक पुरेशी आहे. मनगट तुमचे मोडले आणि समज दोघांना मिळाली. “सगळ्यांचंच चुकतं” हे यजमानांचे वाक्य त्या बैठकीतूनच आलेले आहे. तीच बैठक उपचारकाच्या खोलीत फी भरून पुन्हा व्हायला नको.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. वडील शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना मुलाला कोणी विचारले, “घरात काय होतं रे?” तर तो एक तर काही नाही म्हणेल, किंवा खरे सांगेल आणि त्याची किंमत रात्री तुम्हाला मोजावी लागेल. दोन्ही प्रकारांत त्याला जो धडा मिळेल तो असा, की मोठ्या माणसांसमोर बोलून उपयोग नसतो. म्हणून जाणता उपचारक पहिल्या भेटीत प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो आणि आडपडदा न ठेवता विचारतो : घरात कोणी हात उचलतं का, शेवटचं केव्हा, मुलं मध्ये पडतात का, इथून घरी जायची भीती वाटते का. जो उपचारक सगळ्यांना ओळीने बसवून “बोला, काय प्रॉब्लेम आहे?” एवढ्यावरच सुरुवात करतो, तो नावाजलेला असला तरी तुमच्या घरासाठी नाही.

मारहाण थांबली आहे, असे तुम्ही लिहिता. थांबला आहे तो फक्त हात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसाचारच म्हणतो. भिरकावलेले ताट तुम्हाला लागले नसेल. पण पुढचे लागू शकते, हे ते ताट घरातल्या प्रत्येकाला सांगत असते. मुलगा अजून त्याच धाकात राहतो आहे, हे लक्षात घेऊन पुढचे पाहावे लागेल.

आता कामाचा क्रम. सुरुवात तुमच्यापासून व्हावी, आणि ती सुद्धा बाहेरून. मोबाइल तपासला जात असेल तर त्यावरून भेटीची वेळ ठरवू नका, शाळेतल्या बाईंच्या फोनवरून ठरवा. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँक पासबुक, मुलाच्या शाळेची कागदपत्रे आणि तुमचे वैद्यकीय कागद यांच्या प्रती माहेरी किंवा भरवशाच्या शेजारणीकडे ठेवा. मनगटाचा एक्स-रे असेल तर तोही. घर न सोडता संरक्षणाचा आदेश मागता येतो, आणि गरज पडल्यास मारणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेश देण्याचा अधिकार या कायद्याने दंडाधिकाऱ्यांना दिलेला आहे. त्यासाठीची माहिती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे मिळते. तुम्ही लगेच अर्ज करावा असे मी म्हणत नाही. दार कोठे आहे हे ठाऊक असलेली बाई उपचारांत निराळ्या रीतीने बोलू शकते, एवढाच माझा अनुभव आहे.

मुलाच्या भेटी स्वतंत्र आणि त्याच्या स्वतःच्या असाव्यात. तेथे काय बोलणे झाले हे घरी येऊन तुम्ही विचारू नये. मानसिक आघातातून गेलेल्या मुलांसाठी ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी बसवलेली एक उपचारपद्धती आहे. तिच्यात मूल आणि न मारणारे पालक यांच्या भेटी समांतर चालतात आणि दोघांची तयारी झाल्यावरच त्यांना एकत्र बसवले जाते. हिंसाचार पाहिलेल्या ७ ते १४ वयाच्या मुलांवर पिट्सबर्गच्या एका महिला केंद्रात तिची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अवघ्या ८ भेटींच्या त्या उपचाराने मुलांची भीती आणि आघाताची लक्षणे नुसत्या आधार देणाऱ्या समुपदेशनापेक्षा अधिक कमी झाली होती. नावाने हीच पद्धत तुमच्या गावी मिळेल असे नाही; परंतु ‘आधी वेगळे, मग आई-मूल, आणि बाकीचे त्यानंतर’ हा क्रम कोणताही समंजस उपचारक पाळू शकतो.

त्या एकत्र भेटीत मुलाचा प्रश्न येणारच : तू निमूट का सोसलंस? हा प्रश्न उद्धट वाटला तरी गेली कित्येक वर्षे तो त्याच्या पोटात आहे. लहान असताना त्याला कोणाला तरी वाचवायचे होते आणि ते जमले नाही. आता त्या असहायतेचा राग तो तुमच्यावर काढतो, कारण राग तिथेच निघतो जिथे उलट मार बसणार नाही. बलवानाच्या बाजूला उभे राहिलेले बरे, असेही पंधरा वर्षांच्या मुलाला वाटू शकते. त्याला उत्तर देताना स्वतःची बाजू लढवू नका, आणि त्यानेच तुमचे डोळे पुसावे इतक्या रडूही नका. असे काही म्हणता येईल : “मला भीती वाटायची. बाहेर पडलो तर राहायचं कुठे, तुझ्या शाळेचं काय, हे मला दिसत नव्हतं. तुला हे सगळं बघावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं. त्यात तुझी चूक नव्हती, आणि मार बसण्यात माझीही नव्हती.” मग थांबा. तो चिडला, उठून गेला, तरी उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते. तेच उत्तर पुढे दोन-तीनदा द्यावे लागते.

ढकलण्याविषयी मात्र समजुतीने घेऊ नका. त्याच्या दुःखाची कारणे खरी असली तरी आईवर हात टाकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तेल अवीव येथील मानसशास्त्रज्ञ हैम ओमेर यांनी आक्रमक मुलांच्या पालकांसाठी एक पद्धत तयार केली, आणि गंमत म्हणजे तिची प्रेरणा गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराची आहे. तिच्यात पालक मुलाला शिक्षा देत नाही, मुलाशी शब्दाने शब्द वाढवत नाही, शरणही जात नाही. मूल शांत असताना पालक आपला निर्धार लेखी स्वरूपात वाचून दाखवतो, आणि ही गोष्ट चार भरवशाच्या माणसांना सांगून घरातली गुप्तता मोडतो. तुमच्यासाठी ते लेखी निवेदन साधारण असे होईल : “तू मला ढकललंस. यापुढे या घरात मला कोणी ढकललेलं किंवा मारलेलं मी लपवणार नाही, मग ते कोणीही असो. मी हे मावशीला आणि शाळेतल्या बाईंना सांगितलं आहे. मी तुझ्याशी भांडणार नाही आणि तुला सोडणारही नाही.” ‘मग ते कोणीही असो’ हे शब्द मुलगा सर्वांत आधी ऐकेल. ते यजमानांच्या कानावर जाणे आज धोक्याचे असेल तर निवेदन घरी न वाचता उपचारकाच्या खोलीत वाचा.

“शेवटी बापाच्याच वळणावर गेलास,” हे वाक्य आजीने, मामाने, कोणीही त्याच्यासमोर उच्चारू देऊ नका. अशा घरांतली पुष्कळ मुले पुढे कोणावरही हात उचलत नाहीत. ज्याला रोज हे भाकीत ऐकवले जाते, त्याला मात्र त्यातून सुटायला जागा उरत नाही.

यजमानांना उपचार घ्यायचे असतील तर त्यांनी आधी एकट्याने, वेगळ्या उपचारकाकडे जावे. ते जातात का आणि टिकतात का, यावरून त्यांच्या तयारीचा अंदाज तुम्हाला येईल.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, अजून अठरा पूर्ण नाही. बाबा आठवड्यातून एक-दोनदा पिऊन येतात आणि आईला मारतात. खाली स्कूटर कशी लावली त्या आवाजावरूनच मला कळतं की आज कसे आहेत. मग मी भावाला आतल्या खोलीत नेऊन टीव्हीचा आवाज वाढवते, आईला बाथरूममध्ये पाठवते आणि बाबांना जेवायला मी वाढते, कारण ते माझ्यावर हात उचलत नाहीत. रात्री आई माझ्याजवळ सगळं बोलते, त्यांच्या दोघांतलंही. मला पुण्याला कॉलेजला जायचं आहे. आई म्हणते, “तू गेलीस तर माझं कोण?” मी स्वार्थी आहे का? मी एकटी समुपदेशनाला जाऊ शकते का?

उत्तर : तू स्वार्थी नाहीस. तुझे पत्र दोनदा वाचले. त्यात एका मुलीने सांभाळलेली निदान चार मोठ्या माणसांची कामे आहेत. तू घरातली पहारेकरी आहेस, भावाची आई आहेस, आईची मैत्रीण आहेस, आणि बाबांना शांत करणारे माणूसही तूच आहेस. मुलाला पालकाच्या जागी उभे राहावे लागणे ही गोष्ट कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून ओळखली गेली आहे. अशी मुले बाहेरून समंजस आणि गुणी दिसतात, त्यामुळे त्यांच्याविषयी कोणाला काळजी वाटत नाही. त्यांचे मार्क चांगले असतात. झोप मात्र फार वाईट असते. तुझीही असेल.

ही कामे तू एका दिवसात टाकून द्यावीस असे कोणी सांगणार नाही, कारण त्यांपैकी काहींनी आजवर तुम्हा तिघांना वाचवले आहे. ती योग्य माणसांकडे सोपवायची आहेत. आईला रात्री बोलायला दुसरे माणूस हवे. बाबांच्या पिण्यामुळे त्रासलेल्या बायकांसाठी अल-अनॉनचे गट आहेत, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. मारहाणीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे. तू आईला असे म्हणू शकतेस : “आई, तुझं सगळं ऐकायला मी आहे, पण तुझ्या आणि बाबांच्या दोघांतल्या गोष्टी ऐकल्या की मला त्यांच्याकडे बघवत नाही आणि अभ्यासही होत नाही. त्या तू मावशीला सांग, किंवा आपण दोघी मिळून समुपदेशक बाईंकडे जाऊ.” आई दुखावेल. तरीही हे वाक्य प्रेमाचेच आहे, आणि ते एकटीने बोलणे जड वाटत असेल तर समुपदेशक ते तुझ्या वतीने बोलू शकतात. आई आणि मुलगी यांच्या एकत्र भेटीत हेच काम असते.

बाबा मारत असताना मध्ये उभी राहू नकोस. आजवर त्यांनी तुझ्यावर हात उचललेला नाही, पण यापुढेही उचलणार नाहीत असे कोणी सांगू शकत नाही. भावाला घेऊन शेजारी जायचे आणि तिथून ११२ ला फोन करायचा, एवढेच तुझे काम. भावाशी एक खुणेचा शब्द ठरवून ठेव. तो ऐकला की त्याने चप्पल न शोधता बाहेर पडायचे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाविषयी. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही चालतो, आणि त्यावर मराठीतून बोलता येते. वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही तुझ्यासाठी आहे. या दोन्हींसाठी कोणाची परवानगी लागत नाही. कॉलेजातल्या समुपदेशकांकडेही आपण होऊन जाता येते. नियमित उपचार सुरू करायचे झाले तर पालकाची संमती मागतात, आणि त्यासाठी आई आली तरी चालते. समुपदेशक तुझे बोलणे इतरांना सांगत नाहीत, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी लैंगिक त्रास देत असेल तर त्यांना ते पुढे कळवावे लागते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे. नाही सांगितले तर तूच विचार.

पुण्याचा अर्ज मात्र भरून टाक. घरातले प्रश्न सुटेपर्यंत थांबायचे ठरवलेस तर त्याला तारीख नसते.

प्रश्न : मी लिहितो आहे याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण मारणारा मीच होतो. दारू सोडून चौदा महिने झाले, तेव्हापासून पत्नीवर हात उचललेला नाही. तिची माफी मागून झाली आहे. पण मुलगी चौदा वर्षांची आहे, ती माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत आलो की उठून जाते. वाढदिवसाला सायकल आणली, तिने सायकलीला हातही लावला नाही. आम्हाला फॅमिली थेरपी घ्यायची आहे. तिच्या मनातला राग काढण्यासाठी किती सेशन लागतील?

उत्तर : तुम्ही स्वतःला मारणारा म्हणून लिहिलेत, ही गोष्ट सोपी नाही आणि ती मी कमी लेखत नाही. चौदा महिने दारूपासून दूर राहणेही सोपे नाही. तरीही तुमच्या प्रश्नात एक अडचण आहे. उपचार मुलीच्या रागावर व्हावेत, असे त्यातून दिसते.

दारू सुटली म्हणजे मारहाणीवरचा उपचार झाला, असे समजू नका. पिणारे सगळे मारत नाहीत, आणि मारणारे सगळे पीत नाहीत. प्यायलेल्या अवस्थेतही तुम्ही साहेबांवर किंवा पोलिसावर हात टाकला नसेल. तो घरात, एकाच व्यक्तीवर पडत होता, म्हणजे कोठे हात उचलायचा हे कळण्याइतकी शुद्ध होती. या विषयावर तुमचे स्वतःचे काम झाले आहे का, असे मी विचारीन. अमेरिकेतील डुलुथ येथे १९८१ मध्ये मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी सुरू झालेल्या कामाचा भर नेमका यावर होता : राग आवरण्यापेक्षा सत्ता गाजवण्याच्या सवयी पाहणे. पैसे कोण ठेवतो, पत्नीने कोणाला भेटायचे हे कोण ठरवतो, तिने नाही म्हटले तर तुमचा चेहरा कसा होतो, हे मुलगी आजही पाहत असते.

आता माफीविषयी. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी हिंसेच्या चक्राचे वर्णन केले, त्यात मारहाणीनंतर येणारा पश्चात्तापाचा टप्पा आहे : रडणे, शपथा, भेटवस्तू, काही दिवसांचे गोड वागणे. सगळ्या घरांत हे चक्र असेच फिरते असे नाही, परंतु तुमच्या मुलीने आजवर किती माफ्या पाहिल्या असतील ते आठवून पाहा. सायकल तिच्या दृष्टीने त्याच मालिकेतली आहे. उठून जाणे हा तिचा राग कमी आणि सावधपणा जास्त आहे, आणि तो सावधपणा ती या घरातच शिकली आहे.

२००५ च्या कायद्याखालील २००६ च्या नियमांत समुपदेशनाविषयी एक तरतूद आहे, जी मला मनापासून पटते. समुपदेशन सुरू होण्याआधीच मारहाणीचा आरोप असलेल्या व्यक्तीला सांगायचे असते की, आपल्या कृत्याचे समर्थन या प्रक्रियेत करता येणार नाही. तुमच्या घरी न्यायालयाचा संबंध नाही, तरी हीच अट स्वतःला घालून घ्या. “मी तेव्हा पीत होतो” हेही समर्थनच आहे.

त्यानंतरची वाट लांब आहे. तुमचे स्वतंत्र उपचार काही महिने चालल्यावर उपचारक तुम्हाला मुलीसाठी एक पत्र लिहायला सांगतील. ते तिला दिले जात नाही. उपचारक ते तुमच्याबरोबर अनेकदा वाचतात आणि त्यातले ‘पण’, ‘जर’, ‘तुझ्या आईनेही’ असे शब्द एकेक करून काढले जातात. राहते ते एवढेच : मी काय केले, ते तू पाहिलेस, ती चूक पूर्णपणे माझी होती, तुला बोलायचे नसेल तर त्याचा तुला काही त्रास होणार नाही. हे पत्र ऐकायचे की नाही आणि केव्हा, हे मुलगी आपल्या स्वतःच्या उपचारकाशी बोलून ठरवील. ऐकल्यावर तिने काही म्हणायलाच हवे असे नाही. एकत्र भेट झालीच तर तिने “बस” म्हटल्यावर ती भेट तिथेच संपली पाहिजे, आणि परतताना गाडीत त्याविषयी अवाक्षरही निघता कामा नये. तिने सलग दहा वेळा नाही म्हटले आणि घरात कोणाचाही आवाज चढला नाही, तर अकराव्या वेळी ती काय म्हणेल हे सांगता येत नाही.

किती सेशन, याला म्हणून उत्तर नाही. क्षमा ही उपचाराची ठरलेली फलश्रुती नसते. तुमच्या मुलीला तुमच्या घरात, तुम्ही खोलीत असताना, निर्धास्तपणे अभ्यास करता आला, तर मी तो उपचार यशस्वी झाला असे म्हणेन, मग ती तुमच्याशी बोलो अथवा न बोलो.

प्रश्न : माझी बहीण तेरा वर्षांच्या भाच्याला घेऊन आमच्याकडे आली आहे. दावा न्यायालयात आहे. न्यायालयाने समुपदेशकांकडे जायला सांगितले आहे. शिवाय आम्ही भाच्यासाठी खासगी थेरपिस्ट पाहिला आहे. भाचा तिथे जे बोलेल ते खटल्यात वापरता येईल का? मामा म्हणून मी काय करावे?

उत्तर : या दोन समुपदेशकांची कामे वेगळी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यास नुकसान मुलाचे होते. न्यायालयाने नेमलेले समुपदेशक वादाचा निकाल लागावा, तडजोड किंवा सुरक्षितता साधावी यासाठी असतात, आणि त्यांचा अहवाल न्यायालयाकडे जातो. बहिणीला एकत्र बैठक नको असेल तर तिने ते लेखी कळवावे. मुलावर उपचार करणाऱ्याचे काम मुलाला बरे करण्याचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला जिवाच्या धोक्यासारखे आणि न्यायालयीन आदेशासारखे अपवाद आहेत, आणि मुलाला हे अपवाद त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजेत. ‘ताबा कोणाला द्यावा’ असे पत्र उपचारकाकडून मागू नका. त्याने ते दिले की भाच्याला ती खोली साक्ष देण्याची जागा वाटू लागेल. वडिलांच्या भेटीमुळे मुलाचे अहित होईल असे दंडाधिकाऱ्यांना वाटले तर ते भेट नाकारू शकतात, अशी तरतूद २००५ च्या कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. ती लढाई वकिलांनी लढावी.

खासगी फी परवडेनाशी झाली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांमध्ये हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्रे आहेत, त्यांतले पहिले वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झाले. पोलिस यंत्रणेच्या आवारात चालणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष १९८४ पासून काम करीत आहेत, आणि केंद्र सरकारच्या योजनेतील ‘सखी’ केंद्रांत समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच जागी मिळते.

मामा म्हणून तुम्ही करू नये असे बरेच आहे. “कोर्टात असं सांग” हे शिकवू नका. भाच्यासमोर त्याच्या वडिलांना शिव्या देऊ नका. तो वडिलांना घाबरतो आणि त्याला त्यांची आठवणही येते, आणि दुसरी गोष्ट तो तुमच्यासमोर कधीच कबूल करणार नाही. तुमच्या घरी तो फार शहाण्यासारखा वागत असेल, स्वतःचे ताट स्वतः घासत असेल, तर कौतुक करून थांबू नका. त्याला कपाटातला एक खण द्या, शाळेत कसे जायचे ते ठरवा, आणि आपल्याला इथे किती दिवस राहायचे आहे हा त्याचा न विचारलेला प्रश्न ओळखून त्याचे उत्तर बहिणीच्या देखत त्याला सांगा.